तुमचा झेंडा कोणता?



संगणकाचा नाद लागलेली दोन पोरे भेटली की पहिला सवाल होतो, "तू कोणते लिनक्स वापरतोस?" आम्हा युनियनवाल्यांना हा सवाल ओळखीचा आहे. कारखान्याच्या फाटकाशी नवखा कामगार दिसला की आम्हीही विचारीत असू, झेंडा कोणता?

लिनक्सचा गाभा एकच. लिनस टोरवाल्ड्सने तो १९९१ साली लोकांपुढे ठेवला. त्याभोवती बाकीची सामग्री रचून फेडोरा, आर्च अशी निरनिराळी वितरणे निघाली. आमचे मन बसले ते डेबियनवर. इयन मर्डॉकने १९९३ साली ते काढले आणि आपल्या व प्रेयसी डेब्राच्या नावांची सांगड घालून त्याचे बारसे केले! पुढे १९९७ साली सामाजिक करार झाला, १९९८ साली घटना. प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडतात, आणि मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नको' अशीही सोय असते. वर्षानुवर्षे निवडणूक न घेणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांनी हे जरा कान देऊन ऐकावे.

२०१४ साली यंत्र सुरू करणाऱ्या 'सिस्टमडी' या नव्या व्यवस्थेवरून तेथे रण माजले. तांत्रिक समितीत मते समसमान पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने ती व्यवस्था आली. नाराजांनी देवुआन नावाचे वेगळे बिऱ्हाड थाटले. आमच्यात फूट पडली की कचेरीच्या किल्ल्या आणि फंड कोर्टात जातात. तेथे फुटणारा सारा माल हक्काने बरोबर नेतो, परवान्यातच तशी मुभा आहे. आणि मागे राहिलेल्याचे तसूभरही कमी होत नाही. देवुआन आजही बहुतेक शिधा डेबियनच्याच कोठारातून घेते.