एकटीनं पवनीला



आपल्या भंडारा जिल्ह्यात बाई एसटीत बसली की तिच्याकडं कारण असावं लागतं. माहेर, लगीन, दवाखाना, बँक, नाहीतर देवदर्शन. ‘नुसतं बघायला जाते’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, “कायले चालली वो एकटीच?” आज आपण या नुसतं बघायला जाण्याबद्दलच बोलू. दिवस एक, बाई एकटी आणि गाव आपल्याच जिल्ह्यातलं, पवनी.

संग्रहालय म्हटलं की काचेची कपाटं डोळ्यांपुढं येतात. पवनीत तसं नाही. तिथं गाव हेच संग्रहालय आहे, वर उघडं आभाळ आणि दाराशी तिकीटखिडकी नाही. वैनगंगेच्या काठी वसलेल्या या गावाला तीन बाजूंनी जुना मातीचा तट, त्याच्या पायथ्याशी खंदक आणि चौथ्या बाजूला नदी. तटावर कुठं कुठं दगडी बांधकाम. नदीवर घाट, गल्लोगल्ली देवळं. यातच माणसं राहतात, वाळवण घालतात, पोरं शाळेत जातात.

गावाजवळच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते काम पाहिलं. टेकडीच्या पोटात निघाला दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप. इथल्या एका शिल्पात पाच फण्यांचा नाग रिकाम्या आसनावर छाया धरून आहे. हा मुचलिंद नाग, त्याचं नावही दगडात कोरलं आहे. बुद्धाची मूर्ती घडवायची रीत तेव्हा नव्हती, म्हणून आसन रिकामं.

पण आम्हाला तुम्हाला खरी ओळख करून द्यायची आहे ती विसमिताची. स्तूपाच्या दगडांवर ज्यांनी दान दिलं त्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. त्यांत विसमिता नावाच्या एका बाईचं नाव आहे. तिनं दान दिलं आणि ते सगळ्या जिवांच्या सुखासाठी व्हावं असं लिहवून घेतलं. ती कोणाची मुलगी, कोणाची बायको, हे शोधत बसायची गरज नाही. तिचं स्वतःचं नाव पुरेसं झालं. आज आपल्यातल्या किती जणींचं नाव सात-बारावर आहे, घराच्या पाटीवर आहे, ते आपापल्या मनात मोजून बघा.

आता जायचं कसं? १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. भंडाऱ्याहून पहेला, अड्याळ मार्गे पवनीची गाडी मिळते. सकाळची धरा. उतरल्या उतरल्या स्थानकावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या, आणि तिच्या आधीच्या गाडीनं निघा. घरात एकीला तरी सांगून जा. पाणी, भाकर, छत्री सोबत असू द्या. टेकडीवर आणि नदीकाठी उजेडातच फिरा, अगदी सुनसान जागी थांबू नका. अडचण वाटली तर ११२ हा नंबर आहे. एवढी काळजी घेणं म्हणजे भित्रेपणा नव्हे.

वाट विचारायची तर घाटावरच्या, ओट्यावरच्या म्हाताऱ्या बायांना विचारा. त्या वाटही सांगतात आणि देवळाची कथाही. टेकडीवर गेलात तर एक ध्यानात ठेवा, उत्खननात निघालेले शिल्पखंड जपून ठेवण्यासाठी संग्रहालयांत नेले आहेत. जागेवर आहे ती टेकडी, माती आणि विटा. त्या बघायला थोडा वेळ द्यावा लागतो.

म्हणूनच आम्ही म्हणतो, एकदा तरी एकटीनं जा. घरच्यांसोबत गेलं की आपलं लक्ष डब्यात, पोराच्या चपलेत आणि ‘चला, उशीर झाला’ यात असतं. एकटी असलं की जिथं पाय थांबेल तिथं थांबता येतं. अर्धा तास एका दगडासमोर बसलात तरी कोणी हाक मारत नाही.

जाल तेव्हा तटाच्या ढासळत्या कडेवर चढू नका. खापराचा तुकडा दिसला तर उचलून घरी आणू नका. तो कुठं पडला होता यावरूनच जाणकारांना त्याचं वय कळतं, आपल्या फडताळात तो नुसतं खापर होतो. कोणी तटाची माती उकरताना दिसलं तर ग्रामस्थांना, नगरपरिषदेला कळवा. मोडक्या भिंतीवर पोरं नावं कोरत असतील तर त्यांना विसमिताची गोष्ट सांगा. नाव टिकतं ते द्यायच्या कामानं, ओरखड्यानं नाही.

आल्यावर काय पाहिलं ते चार ओळींत लिहा, लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या, आणि आमच्याकडं पाठवा. खाली आपलं स्वतःचं नाव घालायला विसरू नका. आम्ही ते याच वेळेला वाचून दाखवू.