लग्नाची पत्रिका आणि पोस्टाचें तिकीट
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



तुळशीचें लग्न लागलें कीं आपल्या गांवोगांव माणसांच्या लग्नांची धांदल सुरू होते. मांडव, वाजंत्री, आहेर आणि जेवणावळी यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज एका लहानशा कागदाविषयीं बोलणार आहें. तो कागद म्हणजे लग्नाची पत्रिका, आणि तिच्यावर चिकटवायचें पोस्टाचें तिकीट. विषय ऐकून कोणी हंसतील. खुशाल हंसा. पण याच कागदापायीं भावकींत बोलणें बंद झालेलीं घरें तुमच्याही गांवांत निघतील.

आधीं टपालाची हकीकत सांगतों. १८५४ पूर्वीं पत्राचा खर्च अंतरावर ठरत असे. कलकत्त्याहून मुंबईस पत्र धाडायचें तर तोळ्यामागें रुपया पडे. कुणब्यानें किंवा सुतारानें एवढा पैसा कोठून आणावा? त्याचें आवतण पायीं जाई. कोणीतरी भाकरी बांधून घेऊन गांवें तुडवीत फिरे. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग गांव दहा कोसांवर असो कीं पांचशें कोसांवर. पुढें १८७९ सालीं पोस्टकार्ड निघालें, तें एका पैशाला. १९२२ सालीं सरकारनें त्याची किंमत दुप्पट केली, ही गोष्टही सांगितली पाहिजे. तरीसुद्धां सावकाराचें पत्र आणि त्याच्या कुळाचें पत्र एकाच थैलींतून जाऊं लागलें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला आणि त्याच सालीं भटाशिवाय, थोड्या खर्चांत लग्नें लावण्यास आरंभ केला. लग्नाला मध्यस्थ लागत नाहीं, तसा तें कळविण्यासही लागत नाहीं. कार्डाच्या कोपऱ्यांना हळदीकुंकवाचें बोट लावलें कीं निरक्षर आजीलाही कार्ड हातांत पडतांच कळे कीं शुभवर्तमान आहे. कोपरा फाडलेला दिसला कीं ती मटकन खालीं बसे. एवढ्याशा कार्डानें सुखाचें आणि दुःखाचें दोन्ही काम केलें.

आतां आजची पत्रिका पाहा. जाड पुठ्ठा, वर सोनेरी गणपती, आंत तीन पानें, वरून चकचकीत पाकीट. त्यांत निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारीं चिल्लीपिल्लीं. शिवाय तालुक्यांतल्या पुढाऱ्यांचीं नांवें. एक नांव राहिलें तर तो चुलता मांडवांत पाय ठेवीत नाहीं, म्हणून आणखी एक पान. हें सगळें छापून घरीं येतें आणि घरधनी प्रत्येक पाकिटावर पांच रुपयांचें एकच तिकीट लावून पेटींत टाकतो. त्याला कोणी सांगितलेलें नसतें कीं पांच रुपये हे २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाचे. त्यापुढें दर २० ग्रॅमांना आणखी पांच. पुठ्ठ्याची पत्रिका ही मर्यादा सहज ओलांडते.

मग होतें काय? पत्र 'नाटपेड' होतें. तिकीट कमी पडलें तर जेवढें कमी त्याच्या दुप्पट रक्कम पत्र घेणाऱ्याकडून वसूल करायची, अशी पोस्टाची जुनी रीत आहे. पांच रुपये कमी पडले कीं दहा. समजा, तुमची विधवा मावशी मुंबईस चाळींत राहते आणि चार घरचीं धुणींभांडीं करते. पोस्टमन दारांत उभा राहून पैसे मागतो. शेजारणी बघत असतात. तिनें दिले तर तुमच्या सोनेरी गणपतीचें भाडें तिनें भरलें. नाहीं दिले तर पत्र परत तुमच्याकडे येतें आणि रक्कम तुमच्यावर निघते. पण तोंवर अक्षता पडून गेलेल्या असतात. मावशी म्हणते, मला बोलावलें नाहीं. तुम्ही म्हणतां, आम्हीं धाडलें होतें. दहा रुपयांसाठीं दहा वर्षांचा अबोला!

कोणी शहाणा म्हणेल, पोस्टकार्डच धाडूं, ५० पैशांत काम होईल. बरोबर आहे, पण तें हातानें लिहा. छापील मजकुराच्या कार्डाचा दर निराळा, सहा रुपये आहे. छापखान्यांत पन्नास पैशांच्या कार्डांवर मजकूर छापून आणला तर पुन्हा नाटपेडचाच घोळ. घरांत शाळेंत जाणारी मुलगी असेल तर तिला बसवा. रोज संध्याकाळीं दहा कार्डें लिहिलीं तर आठवड्यांत सत्तर घरें झालीं.

मजकुराविषयींही सांगतों. पत्रिकेंत शके, मिती, घटिका, पळें सगळें असतें. पण वार कोणता आणि इंग्रजी तारीख कोणती हें बारीक अक्षरांत कोठेंतरी दडलेलें. गिरणींत किंवा कारखान्यांत रजा मागायची ती तारखेवर मिळते, मितीवर मिळत नाहीं. तारीख व वार मोठ्या अक्षरांत लिहा. गांवाच्या नांवापुढें तालुका, जिल्हा आणि पिनकोड घाला. पिंपळगांव आणि वडगांव आपल्या मुलखांत किती आहेत, तुम्हीच मोजा! सहा आंकड्यांचा पिनकोड १९७२ सालापासून आहे. एस. टी. कोणत्या फांट्यावर सोडते हेंही एका ओळींत लिहा. पुढाऱ्याच्या नांवापेक्षां पाहुण्याला त्याचा उपयोग जास्त. आणि दूरचीं पत्रें निदान महिनाभर आधीं टाका.

आतां मानाची गोष्ट. 'पोस्टानें बोलावलें, अक्षत घेऊन कोणी आलें नाहीं, म्हणून आम्ही येत नाहीं,' असें म्हणणारीं मंडळी या सभेंतही बसलीं असतील. त्यांना माझें विचारणें आहे. मुलीचा बाप काढणीच्या दिवसांत आठ दिवस काम टाकून, गाडींत तेल घालून तुमच्या दारीं यावा, तेव्हांच तुमचा मान राहतो काय? तें तेल बहुधा उसनवारीचें असतें. जवळच्या दोनचार वडील माणसांकडे जरूर समक्ष जावें, बाकीच्यांना कार्ड पुरे. उलट बाजूही आहे. तरुण मंडळी मोबाईलवर पत्रिकेचें चित्र एकदम दोनशें जणांना फेकतात आणि आवतण झालें म्हणतात. ज्या म्हाताऱ्याकडे तसला फोन नाहीं, तोच नेमका राहून जातो. त्याच्यासाठीं तरी कार्ड लिहा.

एक जपणूक सांगतों. लग्नाला जाणें होत नाहीं म्हणून पुष्कळ जण साध्या पाकिटांत आहेराची नोट घालतात. तसें करूं नये. वाटेंत गेली तर विचारायला जागा नाहीं. पूर्वीं महत्त्वाचें पत्र रजिस्टरनें धाडीत, ती सोय १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीडपोस्टांत मिळवली आहे. तेव्हां पोस्टांत जाऊन आजचा दर विचारा. विचारण्यास पैसे पडत नाहींत, आणि बाबू रागावला तरी त्याचें तें कामच आहे.

ज्यांच्या घरीं यंदा कार्य आहे, त्यांनीं सभा उठल्यावर थोडें थांबावें. सोनारदादांनीं आपला लहान कांटा येथें आणला आहे. पत्रिकेचा नमुना आणला असेल तर पाकिटासकट तोलून घ्या आणि तिकीट किती लागेल तें मागच्या बाजूस पेन्सिलीनें लिहून न्या.