पश्चात्ताप आणि नित्यभक्ति
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवापूर्वींच्या तीन दिवसांच्या प्रार्थनाविधींत दिलेलें प्रवचन)



आपल्या धर्मग्रामाच्या स्थापनेला पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. देवळाला नवा रंग लागला आहे, पटांगणांत मंडप उभा राहत आहे, गायकवृंद रात्रीं उशिरापर्यंत सराव करीत आहे आणि माहेरीं येणाऱ्या लेकीबाळींची घरोघर वाट पाहिली जात आहे. हा आनंद योग्यच आहे. ज्या वाडवडिलांनीं डोक्यावर रेतीच्या पाट्या वाहून हें देऊळ उभें केलें, त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण करणें हें आपलें कर्तव्य आहे. तथापि महोत्सवापूर्वींचे हे तीन दिवस अंतःकरणाच्या तयारीसाठीं राखून ठेवलेले आहेत. म्हणून आज आम्ही दोनच गोष्टींविषयीं बोलणार आहों : पश्चात्ताप आणि नित्यभक्ति.

“ज्युबिली” हा शब्द आपल्या तोंडीं आतां चांगला रुळला आहे. तो मूळचा इब्री भाषेंतला. “योबेल” म्हणजे मेंढ्याचें शिंग. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत परमेश्वरानें मोशेला दिलेली आज्ञा आहे. सात वेळां सात वर्षें लोटलीं, म्हणजे एकूणपन्नास वर्षें झालीं, कीं देशभर शिंग फुंकावें व पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, आणि गरिबीमुळें दास झालेल्या बांधवानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें. केवढा हा आनंद! परंतु तें शिंग फुंकावयाचें कोणत्या दिवशीं? सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं. ज्या दिवशीं सारी प्रजा उपवास करून आपल्या पापांची क्षमा मागे, त्याच दिवशीं आनंदाच्या वर्षाचा आरंभ होई. पुढें १३०० सालीं पोप आठवे बोनिफास यांनीं पहिलें पवित्र वर्ष जाहीर केलें, तेव्हां रोमला येणाऱ्या यात्रेकरूंनाहि त्यांनीं खऱ्या पश्चात्तापाची व पापनिवेदनाची अट घातली. तात्पर्य, ज्या महोत्सवाला पश्चात्तापाचा उंबरठा नाहीं, तो बाहेरून कितीहि थाटाचा असला तरी पवित्र शास्त्राच्या दृष्टीनें ज्युबिली नव्हे.

आतां पश्चात्ताप म्हणजे काय, हें पाहूं. केवळ वाईट वाटणें म्हणजे पश्चात्ताप नव्हे. प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्रीं त्याचे दोन शिष्य पडले. यहूदानें त्याला तीस रुपयांच्या नाण्यांना विकलें. पेत्रानें त्याला तीन वेळां नाकारलें. दोघांनाहि आपल्या कृत्याचें दुःख झालें. यहूदानें तर तीं नाणीं परत नेऊन मंदिरांत टाकलीं व निर्दोष मनुष्याचा आपण घात केला असें उघड कबूल केलें. मग उणें काय राहिलें? तो याजकांकडे गेला, प्रभूकडे गेला नाहीं. ज्याच्यापाशीं क्षमा होती त्याच्याकडे पाठ करून तो आपलें दुःख घेऊन अंधारांत निघून गेला. पेत्र मात्र रडला आणि थांबला. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराच्या कांठीं प्रभु उभा आहे असें कळतांच तो होडी किनाऱ्याला लागण्याचीहि वाट न पाहतां पाण्यांत उडी घालून निघाला. ज्याला आपण फसविलें त्याच्याकडेच धांव घेणें, याला पश्चात्ताप म्हणतात. तेथें प्रभूनें पेत्राला त्या रात्रीचा हिशेब विचारला नाहीं. माझ्यावर तुझी प्रीति आहे काय, एवढेंच तीन वेळां विचारलें, आणि प्रत्येक वेळीं त्याला एक काम सांगितलें : आपल्या मेंढरांना चारण्याचें. तें एका दिवसाचें काम नव्हे. मेंढरांना रोज चारावें लागतें.

येथेंच आपली खरी अडचण आहे. पश्चात्ताप आपणांपैकीं पुष्कळांना होतो. उपवासकाळांत क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला डोळे पाणावतात, पवित्र शुक्रवारीं क्रूसाचें चुंबन घेतांना कंठ दाटून येतो, एखाद्या तरुण शेजाऱ्याची अंत्ययात्रा पाहून मन हादरतें. पण पास्काचा सण उलटून महिना होतो न होतो तों पुन्हां तीच जीभ, तोच पेला, तोच राग. असें कां होतें? ते अश्रु खोटे होते असें आम्ही म्हणत नाहीं. ते खरेच होते. परंतु वाडी राखणारा प्रत्येक मनुष्य जाणतो कीं वळवाच्या एका सरीवर केळीला किंवा पानवेलीला वर्ष काढतां येत नाहीं. सर कितीहि जोराची येवो, दुसऱ्या दिवसापासून आळ्यांत पाणी सोडावेंच लागतें. पूर्वीं रहाट फिरे, आतां विजेचा पंप चालतो. पण रोजचें शिंपणें कोणाला चुकलें नाहीं. पश्चात्ताप ही देवाच्या कृपेची सर आहे. नित्यभक्ति हें शिंपणें आहे. पहिल्यावांचून जमीन भिजत नाहीं, आणि दुसऱ्यावांचून ती ओली राहत नाहीं.

याचें एक उदाहरण आपणांपुढें ठेवतों. तें कोणा धर्मगुरूचें अथवा मठवासीचें नाहीं. एका साध्या मजुराचें आहे. आयर्लंडमधील डब्लिन शहरीं २ मे १८५६ रोजीं मॅट टॅल्बट याचा जन्म झाला. घरांत बारा भावंडें आणि मिळकत तुटपुंजी. शाळा नांवापुरती झाली, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास तो मद्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला. तेथें त्याला दारूची चव लागली. पुढें सुमारें सोळा वर्षें त्याची मजुरी गुत्त्यांतच गेली. एकदां तर रस्त्यावर वाद्य वाजवून पोट भरणाऱ्या एका गरिबाचें व्हायोलिन चोरून त्याची दारू झाली.

१८८४ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, एका शनिवारीं तो गुत्त्याबाहेर उभा होता. हाताला काम नव्हतें, खिशांत छदाम नव्हता. ज्यांना त्यानें आजवर स्वतःच्या पैशानें पाजली, ते सोबती त्याच्या पुढून आंत गेले. कोणीं त्याला चल म्हटलें नाहीं. तो तसाच घरीं परतला आणि आपण दारू सोडण्याची शपथ घेणार असें त्यानें आईला सांगितलें. पाळणार नसशील तर घेऊं नकोस, एवढेंच ती माउली म्हणाली. त्याच दिवशीं क्लॉनलिफ येथील होली क्रॉस कॉलेजांत जाऊन त्यानें पापनिवेदन केलें व शपथ घेतली. किती दिवसांची? तीन महिन्यांची. आणि दुसऱ्या दिवशीं रविवारीं पहाटे पांच वाजतां तो मिस्सेला हजर झाला. ज्यांचें शरीर आज गोमंतकांत आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच नांवाचें तें देऊळ होतें.

बंधुभगिनींनो, शनिवारचें पापनिवेदन आणि रविवारची पहाट या दोहोंच्या सांध्याकडे नीट लक्ष द्या. तो शनिवारावरच थांबला असता, तर सोमवारीं पुन्हां गुत्त्यांत दिसला असता. पहिले महिने त्याला फार जड गेले. पण मजुरी संपली कीं पूर्वींच्या सोबत्यांची वाट टाळून तो देवळांत जाऊन बसे. तीन महिने पार पडले, तेव्हां त्यानें शपथ वाढविली, आणि पुढें ती आजन्म झाली. रोज पहाटे मिस्सा, मग दिवसभर वखारींतील काबाडकष्ट, रात्रीं प्रार्थना. दुकानदारांचें जुनें उधार त्यानें फेडून टाकलें. त्या व्हायोलिनवाल्याचा त्यानें शहरभर शोध केला. तो सांपडला नाहीं, तेव्हां ते पैसे देऊन त्याच्यासाठीं मिस्सा करविल्या. अशीं एकेचाळीस वर्षें गेलीं. ७ जून १९२५ रोजीं, पवित्र त्रैक्याच्या रविवारीं, मिस्सेला जातां जातां तो रस्त्यांतच कोसळला आणि देवाघरीं गेला. १९७५ सालीं पोप सहावे पौल यांनीं त्याला “पूज्य” ही पदवी दिली.

त्रेंतच्या धर्मपरिषदेनें १५५१ सालीं प्रायश्चित्त संस्काराविषयीं शिकवितांना पश्चात्तापी मनुष्याचीं तीन कृत्यें सांगितलीं आहेत : अंतःकरणाचें दुःख, मुखानें पापनिवेदन आणि कृतीनें भरपाई. या मजुराला धर्मशास्त्राच्या परिभाषा ठाऊक नव्हत्या. पण तिन्हीं कृत्यें त्याच्या आयुष्यांत दिसतात. आपण बहुधा पहिल्या दोहोंवर थांबतों. क्षमेचे शब्द ऐकले, तीन नमो मरिया म्हटल्या, कीं काम झालें असें आपणांस वाटतें. पण ज्याचें व्हायोलिन आपण विकलें, त्याचा शोध कोणीं घ्यावयाचा? जक्कयाच्या घरीं प्रभु गेला, तेव्हां जक्कयानें नुसते डोळे पुसले नाहींत. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचें आणि फसवून घेतलेलें चौपट परत करण्याचें त्यानें तेथल्या तेथें जाहीर केलें.

आतां आपल्या धर्मग्रामाकडे वळूं. ज्युबिलीच्या शिंगानें दोन गोष्टी घडत, हें आपण आरंभीं पाहिलें : जमीन परत मिळे आणि दास मोकळा होई. आपल्याकडे आज याच दोन गोष्टींची वाण आहे. जमिनीचे भाव वाढूं लागले तसे वाड्यांचे बांध सरकूं लागले. एका आईचें दूध प्यालेले भाऊ सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. देवळांत एक उजव्या बाजूच्या बाकावर बसतो, दुसरा डाव्या. दोघेहि वेदीपाशीं येऊन ख्रिस्तशरीर स्वीकारतात, आणि बाहेर पडल्यावर एकमेकांचें तोंड पाहत नाहींत. दुसरी गोष्ट दास्याची. आपल्या घरांत साखळदंड नाहींत; पण लग्न असो, नामकरण असो, किंवा मयताचें घर असो, बाटली आल्यावांचून कार्य पार पडत नाहीं. त्या बाटलीमुळें किती बायकांच्या अंगावर वळ उठतात आणि किती मुलांच्या शाळेची फी थकते, तें त्या घरांच्या भिंतींनाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. रविवारीं ख्रिस्तशरीर स्वीकारणारांची रांग देवळाच्या दारापर्यंत जाते. शनिवारीं पापनिवेदनाला येणारे मात्र बोटांवर मोजावे इतकेच. १९०५ सालीं पोप दहावे पायस यांनीं भाविकांना वारंवार, शक्य तर दररोज, ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास उत्तेजन दिलें, ही ख्रिस्तसभेची मोठी कृपा आहे. परंतु कृपावस्था आणि शुद्ध हेतु या दोन अटीहि त्यांनींच सांगितल्या. जेवणाला बसण्यापूर्वीं हात धुणारे आपण लोक. मग त्या मेजवानीलाच न धुतां कसे बसतों?

तर मग काय करावें? मोठमोठीं व्रतें आम्ही सांगत नाहीं. मॅट टॅल्बटनेंहि आरंभीं तीन महिन्यांचीच शपथ घेतली होती. तुम्ही तीन लहान गोष्टी धरा. सकाळीं उठतांच, हातांत मोबाईल घेण्यापूर्वीं, क्रूसाची खूण करून तो दिवस प्रभूला अर्पण करा. तिन्हीसांजेला घरांतील वेदीपुढें सर्वांनीं मिळून पवित्र जपमाळ म्हणा. सून स्वयंपाकघरांत आणि मुलगा ओट्यावर असें होऊं देऊं नका. सगळीं एका ठिकाणीं बसलीं कीं रुसवे आपोआप विरघळतात. आणि निजण्यापूर्वीं दहा मिनिटें, संत इग्नेशियस लोयोला यांनीं शिकविल्याप्रमाणें, दिवसाची तपासणी करा. देवानें आज काय दिलें, आपण कोठें घसरलों, कोणाला दुखविलें, उद्यां काय दुरुस्त करूं? जो रोज हा हिशेब करतो त्याला महिन्याकांठीं पापनिवेदनाला येण्याचें भय वाटत नाहीं. कारण त्याची वही रोजची रोज लिहिलेली असते. दुकानदार वर्षभर हिशेब न पाहील तर दिवाळें निघेल. आत्म्याचें काय वेगळें आहे?

कांहीं जण मनांत म्हणतील, आम्ही पुष्कळ वेळां ठरविलें आणि पुष्कळ वेळां मोडलें. आतां कोणत्या तोंडानें देवळाची पायरी चढावी? त्यांना आमचें सांगणें एवढेंच कीं उधळ्या पुत्राचा बाप घरांत रुसून बसला नव्हता. मुलगा दूर असतांनाच त्यानें त्याला पाहिलें, म्हणजे त्याची नजर वाटेकडेच लागलेली होती. मुलानें तयार केलेलें सगळें बोलणें त्यानें पुरतें ऐकूनहि घेतलें नाहीं. तुम्ही निघा, उरलेली वाट तो धांवत येईल.

महोत्सवाच्या महामिस्सेपूर्वीं प्रत्येकानें एक काम करावें. ज्याच्याशीं आपलें बोलणें तुटलें आहे त्या एका मनुष्याच्या अंगणांत जावें. वेदीपाशीं अर्पण आणलें असतां भावाची तक्रार आठवली तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, ही प्रभूचीच आज्ञा आहे. तो दार उघडील किंवा न उघडील. आपलें पाऊल पडलें म्हणजे आपलें कर्तव्य झालें. मंडप तर चार दिवसांनीं उतरेल आणि दिव्यांच्या माळा पेटींत जातील. पण या पन्नासाव्या वर्षीं दोन भाऊ एका ओट्यावर बसले आणि एक बाप संध्याकाळीं शुद्धीवर घरीं आला, तर आपल्या वाडवडिलांच्या रेतीच्या पाट्यांचें सार्थक झालें, असें आम्ही समजूं.

उद्यां शनिवारीं दुपारीं चारपासून आम्ही पापनिवेदनासाठीं देवळांत बसूं, आणि शेवटचा मनुष्य जाईपर्यंत उठणार नाहीं. पवित्र मरिया, पाप्यांचा आश्रय, आपणां सर्वांना हाताला धरून आपल्या पुत्राकडे नेवो, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा आशीर्वाद तुमच्या घरांवर राहो. आमेन.