प्रतिजैविके आणि आपले उत्तरदायित्व

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मी भाषेची शिक्षिका. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तरीही हा विषय निवडण्यास कारण घडले. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, परंतु जखम चिघळली. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जंतू जखमेत शिरला होता. आठवड्याभरात घरी यायची ती आई सात आठवडे रुग्णालयात राहिली. त्या काळात जे वाचले, डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवते.

हा जंतू परका नव्हे. दर दहा निरोगी माणसांपैकी सुमारे तिघांच्या नाकात तो निमूटपणे वसतो. शस्त्रक्रियेची जखम किंवा शिरेतील नळी यांतून वाट मिळाली, की तो रक्तापर्यंत पोहोचतो. पेनिसिलिनने त्याला नमवले खरे. पण औषध अपुऱ्या मात्रेत घेतल्यास जंतू त्याला सरावतील, असा इशारा खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात दिला होता. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन आले आणि १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू ब्रिटनमध्ये आढळले. हे औषध जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला जखडते; या जंतूंनी औषधाच्या पकडीत सहसा न येणारे निराळेच प्रथिन मिळवले. अशा वेळी व्हँकोमायसिन, लिनेझोलिड अशी राखून ठेवलेली औषधे द्यावी लागतात.

संशोधनाने प्रतिबंधाची वाटही दाखवली आहे. अमेरिकेतील ४३ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे सर्वच रुग्णांचे अंग रोज क्लोरहेक्सिडिनने पुसले गेले व नाकात पाच दिवस म्युपिरोसिन मलम लावले गेले. एवढ्याने रक्तातील सर्व प्रकारचा जंतुसंसर्ग सुमारे ४४ टक्क्यांनी घटला. आणि या सर्वांच्या आधी येते ते प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करणे.

आता एक कबुली. घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या ‘घ्या, गुण येईल’ म्हणून मी शेजारणींना अनेकदा दिल्या आहेत. बरे वाटताच स्वतःचे औषध अर्ध्यावर सोडलेही आहे. आईच्या दुखण्याचा त्याच्याशी संबंध होता, असे मी म्हणत नाही. पण जंतूंना सराव देणाऱ्या असंख्य हातांत माझाही एक हात होता.

म्हणून विनंती एवढीच. पाकिटावर तांबडी रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नका. त्यांनी सांगितले तितकेच दिवस घ्या. कमी नाही, अधिकही नाही. येथे डॉक्टर व परिचारिका झालेले आमचे अनेक विद्यार्थी बसले आहेत. जेवणापूर्वी हात धुण्याची शिस्त तुम्ही याच शाळेच्या नळावर शिकलात. ती रुग्णाच्या खाटेपाशी विसरू नका.

माझी आई आज काठी टेकत येथे आली आहे.