चची भाषा

वडखळहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज बँकेचा हप्ता नाही, पापडाचा भाव नाही. आज चची भाषा.

लहानपणी तुम्हीही बोलला असाल. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, त्या जागी 'च' ठेवायचा आणि काढलेलं अक्षर शेवटी जोडायचं. 'मला'चं 'चलाम', 'शाळा'चं 'चळाशा'. आम्ही धुणं धुताना अशा सरसर बोलायचो की आज्या वैतागायच्या. मोठ्यांना कळू नये, एवढाच हेतू. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात, तसंच हे. त्यांचं बोटांनी, आपलं जिभेनं.

आम्हाला वाटायचं, ही आपलीच करामत. पण पार फ्रान्समध्ये, पॅरिसच्या खाटकांनी एकोणिसाव्या शतकात अगदी हेच केलं होतं. तेही शब्दाचं पहिलं अक्षर काढायचे, त्या जागी 'ल' ठेवायचे, काढलेलं अक्षर शेवटी न्यायचे आणि वर एक शेपूट लावायचे. खाटकाला तिकडे 'बुशे' म्हणतात, त्याचं झालं 'लुशेबेम'. त्या भाषेचं नावच ते पडलं. गिऱ्हाईक समोर उभं असताना कुठलं मटण आधी खपवायचं, हे गड्याला सांगायला ती बरी पडे. वेड्याला 'फू' म्हणतात, त्याचं 'लूफोक' झालं आणि तो शब्द आज तिकडच्या साध्या बोलण्यातही चालतो. बाजारातली चोरटी बोली अशी घरात शिरते.

पुढे तिथल्या शहरांच्या कडेच्या वस्त्यांतल्या पोरांनी शब्द उलटे करायला घेतले. त्यांत बाहेरदेशातून कामाला आलेल्यांची मुलं पुष्कळ. 'उलटं' या अर्थाचा 'लांव्हेर' हा शब्दच उलटा करून त्यांनी बोलीचं नाव ठेवलं, 'व्हेरलां'. बाईला 'फाम' म्हणतात, तिची 'मफ' झाली. अरबाला 'आराब', त्याचं 'बर'. हा 'बर' सगळ्यांच्या तोंडी झाल्यावर पोरांनी तोही पुन्हा उलटा केला, 'रबे'. मोठ्यांना कळलं की कुलूप बदलायचं.

आता ती दुसरी गोष्ट. कोणाची, ते सांगणार नाही.

गटाची बैठक होती. एका ताईंनी घरदुरुस्तीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं होतं आणि आम्ही इतिवृत्त लिहीत होतो. ओट्यावर त्यांची दहावीतली मुलगी मैत्रिणीशी कुजबुजत होती. कानावर आलं, "चझंमा चग्नल चरलंठ." माझं लग्न ठरलं. आणि मग, "चणालाकु चगूसां चकोन." कुणाला सांगू नको.

आमची लेखणी थांबली. मुलगी सोळाची. घरदुरुस्ती कसली, ते मांडवाचे पैसे होते, आणि ते आमच्याच गटातून जाणार होते!

चोरून ऐकलेलं वापरावं का, यावर आमच्यातच वाद झाला. मुलीनं विश्वासानं मैत्रिणीला सांगितलं होतं, आम्हाला नाही. पण ऐकून गप्प बसणं आम्हाला जमेना. कर्ज थांबवलं. ताईंना घरी जाऊन समजावलं की मुलीला अठरा पूर्ण लागतात, २००६ चा कायदा आहे, त्यात लग्न लावणाऱ्यांवरही गुन्हा होतो. त्या रडल्या, म्हणाल्या, "स्थळ चांगलं आहे, हुंडा नाही." ते खोटं नव्हतं. म्हणूनच अवघड गेलं. शेवटी अंगणवाडीताई आणि ग्रामसेवक घरी आले, कारण गावात बालविवाह रोखण्याचं काम ग्रामसेवकाकडे असतं. लग्न थांबलं. तुमच्याकडे असं काही कानावर आलं, तर १०९८ हा नंबर फुकट लागतो, रात्रीसुद्धा.

मुलगी मात्र आमच्यावर रागावली. दोन महिने बोलली नाही. मग एकदा फॉर्म भरून घ्यायला आली आणि जाता जाता विचारलं, "ताई, तुम्हाला चची येते, हे आधी का नाही सांगितलं?"

परवा त्या दोघी पुन्हा ओट्यावर होत्या. आता च नाही, शब्दांच्या मध्येच कुठलं तरी दुसरं अक्षर घालतात. आम्हाला अजून लागत नाही.