निळ्या घंटांची पारख



इंग्लंडला स्थायिक झालेलं कुणी नात्यात असेल, तर एप्रिलअखेरीस मोबाइलवर एक फोटो हमखास येतो. बीचची उंच झाडं, नुकती फुटलेली पोपटी पालवी आणि खाली नजर जाईल तिथवर निळंजांभळं रान. ही ब्लूबेल. जगातल्या एकूण ब्लूबेलपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या ब्रिटनमध्ये आहेत. आयर्लंड, उत्तर फ्रान्स, ब्रुसेल्सजवळचं हालेरबोसचं जंगल, असा अटलांटिकच्या बाजूचा पट्टा हे तिचं माहेर.

हिला सगळे सावलीतलं फूल म्हणतात. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत, झाडांच्या फांद्या उघड्या असताना, हिची पानं जमिनीतून वर येतात. वरची पालवी दाट होईपर्यंत मिळेल तेवढं ऊन घेऊन ती कंदात साठवण करते, फुलते आणि जूनमध्ये झाडांचं छत मिटलं की पिवळी पडून जमिनीत गडप होते. सावली ती सोसते, एवढंच. जगते ती सावलीआधीच्या उन्हावर. आपल्या कास पठारावरची दीपकाडी हिची दूरची नातलग, दोघीही शतावरीच्या कुळातल्या. तीही बराच काळ जमिनीखाली दडून असते आणि पावसाळा लागताच वर येते.

एवढं ध्यानात आलं की बागेत जागा निवडणं सोपं होतं. झाड हवं ते पानझडी: ओक, हेझल, बर्च. बारमाही हिरव्या कोनिफरखाली ती रोडावते, कारण तिथे तिच्या वाट्याचं ऊन कधी येतच नाही. कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, साधारण 10 सेंटिमीटर खोल लावावेत. आपल्या कांद्याला असतं तसं कोरडं टरफल या कंदाला नसतं, त्यामुळे तो पटकन सुकतो. आणला की लगेच मातीत गेला पाहिजे. माती ओलसर हवी, पण पाणी साचणारी नको. कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत भरपूर घाला, बाकी लाड नकोत. कंद पुढे आपल्या आकुंचन पावणाऱ्या मुळांनी स्वतःला आणखी खोल ओढून घेतो. बी पेरूनही रोपं होतात. मात्र फूल दिसायला पाचेक वर्षं लागतात.

आता मुख्य गोष्ट, पारख. बागांमधून जी बहुतेक वेळा दिसते ती इंग्लिश ब्लूबेल नसतेच. सतराव्या शतकात शोभेसाठी आणलेली स्पॅनिश ब्लूबेल, किंवा दोघींचा संकर, तिथे मुक्काम ठोकून असतो. इंग्लिश ब्लूबेलचा दांडा टोकाशी वाकलेला, फुलं बहुतेक एकाच बाजूला लोंबणारी, घंटा अरुंद, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली. पानं दीडेक सेंटिमीटर रुंद. वास गोड आणि स्पष्ट. स्पॅनिशचा दांडा ताठ, फुलं चोहोबाजूंनी, घंटा पसरट, पानं तीन सेंटिमीटरपर्यंत रुंद, वास जवळजवळ नाहीच. संकरात ही सगळी लक्षणं मिसळतात, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. रंगावर तर मुळीच जाऊ नका, पांढरी फुलं दोन्हींत निघतात. त्यातल्या त्यात भरवशाची खूण म्हणजे नुकत्याच उमललेल्या फुलातले पराग: इंग्लिशचे दुधी पांढरे, स्पॅनिशचे निळसर. (आणि स्कॉटलंडात ब्लूबेल म्हणून दाखवतील ते बहुधा हेअरबेल असतं. ते उघड्या गवतात, भर उन्हाळ्यात फुलतं. त्याचा इथे संबंध नाही.)

एवढी चिकित्सा कशाला, असं कुणी विचारेल. संकराला बी धरतं आणि तो मूळ जातीशी पुन्हा मिसळतो, म्हणून. रानाच्या कडेला बाग असेल, तर तिथली स्पॅनिश मंडळी मधमाश्यांच्या वाटेने रानात पोचतात. त्यामुळे कंद घेतानाच तो खात्रीच्या रोपवाटिकेतला, लागवडीतून वाढवलेला आहे ना, हे विचारून घ्यावं. ब्रिटनमध्ये 1981च्या वन्यजीव कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीवाचून ही रोपं उपटायला बंदी आहे, आणि 1998पासून रानातून काढलेले कंद विकणंही गुन्हा ठरतं. 

फुलं ओसरल्यावर पानं कापू नका, पुढच्या वर्षीची शिदोरी त्यांतूनच जमते. ती पायाखालीही येऊ देऊ नका. तुडवलेल्या पानांचं झाड सावरायला वर्षं घेतं, म्हणूनच तिथल्या रानांत पायवाट सोडून चालू नका अशा पाट्या दिसतात. सगळं झाड विषारी आहे, तेव्हा लहान मुलं आणि कुत्री सांभाळा आणि कंद हाताळताना हातमोजे घाला.

बागेत आधीच स्पॅनिश निघाली, तर कंद मुळापासून खणून काढा. ते ओल्या कचऱ्याच्या ढिगात टाकलेत तर तिथेच रुजतील, आणि कुंपणापलीकडच्या रानात फेकलेत तर विचारूच नका. उन्हात खडखडीत वाळवा, किंवा काळ्या पिशवीत घट्ट बांधून वर्षभर अंधारात ठेवा. मगच त्यांचं खत करा.