घरच्या शाळेचा पहिला आठवडा

जूनच्या मध्यास महाराष्ट्रांत बहुतेक शाळा उघडतात. परंतु जेथें आईबापच शिक्षक, त्या घरीं सोमवारीं लावलेलें वेळापत्रक बुधवारींच कोलमडतें; मूल पावसांत, पुस्तक मेजावर! शहाणी आई रागावत नाहीं. सरळ कडांचा डबा अंगणांत ठेवून सांचलेलें पाणी ती पट्टीनें मोजविते, आणि सव्वा, दीड, पावणेदोन हे अपूर्णांक मुलाच्या हातीं येतात. परीक्षेचीही अडचण नाहीं. १९८९ सालीं निघालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत चवदा वर्षें पूर्ण झालेल्यास घरीं शिकूनही दहावीस बसतां येतें. खरी उणीव निराळीच. शेजारचीं मुलें दप्तरें घेऊन गेलीं, कीं घरच्या विद्यार्थ्याची दुपार ओकीबोकी होते. तेथें बापाची विद्वत्ता काय कामाची? त्यास सायंकाळीं मैदानावर धाडलेंच पाहिजे, पाऊस असला तरी.